चढावर क्लच जळतोय? मग रेशो खालच्या वेगावरून ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शेतात फिरायची एका माणसाची, पाइपच्या चासीची कार्ट, तिला १९६ सीसीचं शेतीकामाचं पेट्रोल इंजिन, त्यावर १० दात्यांचा सेंट्रिफ्युगल (इंजिनाचा वेग वाढला की आपोआप धरणारा) क्लच, मागच्या एक्सलवर ६० दात्यांचं स्प्रॉकेट, टायर १८×९.५०-८. डांबरीवर गाडी झकास पळते. विहिरीकडच्या मातीच्या चढाला लागली की अर्ध्यातच दम सोडते आणि क्लचमधून धूर येतो. एक जण सांगतोय ७२ दात्यांचं स्प्रॉकेट घाला, दुसरा म्हणतो क्लच चांगल्या कंपनीचा घ्या, मित्र म्हणतो जुन्या मोटरसायकलचं इंजिनच टाक. आणि वर ताशी ५० चा वेगही हवा आहे.

आधी क्लचवरचा आळ काढून टाकू. तुमचा क्लच खराब नाही. महागातला आणलात तरी तोही जळेल, फक्त थोडा उशिरा. तुमचा रेशो ६० भागिले १०, म्हणजे ६. इंजिन सहा वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. या इंजिनावर बसणारे साधे क्लच १८०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास धरायला लागतात आणि पूर्ण घट्ट बसायला २२०० आरपीएम तरी लागतात. आता हिशेब करा. २२०० भागिले ६ म्हणजे चाकाचे मिनिटाला ३६७ फेरे. तुमच्या टायरचा एक फेरा माणूस बसल्यावर १.३८ मीटरच्या आसपास पडतो. गुणाकार केला की ताशी ३० किलोमीटर येतात.

म्हणजे गाडी ताशी ३० च्या खाली असेल तेवढा सगळा वेळ क्लच कमी-जास्त घसरतच असतो. डांबरीवर दोन-चार सेकंदांत तुम्ही ३० च्या वर जाता, म्हणून काही जाणवत नाही. विहिरीच्या चढावर तुम्ही ताशी दहा-बाराने चाललेले असता. तिथे क्लच मिनिटभर घासत राहतो, ड्रम निळा पडतो आणि लायनिंगचा वास सुटतो. ड्रमवर असा निळा-जांभळा पट्टा दिसला की समजा, दोष रेशोचा आहे.

रेशो काढताना बहुतेक जण ‘टॉप स्पीड किती हवा’ इथून सुरुवात करतात. सर्किटवरच्या कार्टला ते ठीक आहे. माती, चढ आणि चिखलातल्या गाडीला सुरुवात उलट्या टोकाने करायची: सगळ्यात अवघड जागी मी किती हळू जाणार आहे आणि तिथे किती ओढ लागणार आहे? त्यावरून रेशो काढायचा आणि वरचा वेग जो उरेल तो घ्यायचा. तो पटला नाही तर रेशो बदलण्यात अर्थ नाही, यंत्रणाच बदलावी लागते. त्याकडे येतोच.

पण त्याआधी चार मापं घ्या. अंदाजाने चालणार नाही.

पहिलं, टायरचा खरा फेरा. टायरवर आणि जमिनीवर खडूने एकच खूण करा, गाडीत रोज चालवणारा माणूस बसवा, हवा नेहमीचीच ठेवा आणि गाडी ढकलत चाक बरोबर एक फेरा फिरवा. दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. १८ इंचांचा कागदावरचा परीघ १.४४ मीटर येतो, पण कमी हवेचा टायर वजनाखाली दबतो, म्हणून मी १.३८ धरलं. तुमचं माप वेगळं आलं तर तेच खरं. हे १८ इंच टायरच्या बाहेरच्या व्यासाचे आहेत, रिम ८ इंची आहे. मोटरसायकलच्या टायरवर २.७५-१८ लिहिलेलं असतं तेव्हा ते १८ इंच रिमचे असतात आणि टायर धरून व्यास जवळजवळ ६० सेंटिमीटर भरतो. दोन्हीवर ‘१८’ वाचून सारखंच समजल्यामुळे हिशेब फसतो.

दुसरं, वजन. माणसासकट आणि पेट्रोलसकट. गावात वजनकाटा असेल तर गाडी सरळ काट्यावर न्या, आणि जमलं तर फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून मागचं वजन वेगळं घ्या. ते पुढे लागणार आहे. पाइपची चासी असलेल्या एका माणसाच्या गाडीला मी २२५ किलो धरतो.

तिसरं, चढ. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल ट्यूब घ्या. आडव्या १० मीटरला २ मीटर उंची चढत असेल तर तो २० टक्के चढ. डोळ्याला चढ नेहमी खरा असतो त्यापेक्षा जास्त दिसतो, लोक २० टक्क्यांना ‘चाळीस-पंचेचाळीस अंश’ सांगतात. २० टक्के म्हणजे जेमतेम ११ अंश.

चौथं माप सहसा कुणी घेत नाही, आणि खरी गंमत त्यातच आहे: माती किती ओढून धरते. साखळी काढून टाका, माणूस बसवा, पुढे दोर बांधून मध्ये ताणकाटा अडकवा आणि त्या मातीच्या सपाट तुकड्यावर गाडी सावकाश ओढा. काट्यावर दिसतो तो मातीचा अडथळा. पक्क्या मुरमावर तो गाडीच्या वजनाच्या चार-पाच टक्के असतो, नांगरटीच्या भुसभुशीत जमिनीत दहा टक्के सहज, आणि वाळूत किंवा चिखलात वीसच्याही वर. सुटताना क्षणभर काटा उसळतो तो धरू नका, चालत्या गाडीचा आकडा घ्या.

आता तुमचा हिशेब. २२५ किलोची गाडी, २० टक्के चढ: चढासाठी ४४-४५ किलो ओढ. माती दहा टक्के: आणखी २२ किलो. एकूण ६७ किलो. चाकाची त्रिज्या ०.२२ मीटर, म्हणजे एक्सलवर १४.७ किलोग्रॅम-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) हवा. या आकाराच्या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क २५०० आरपीएमला साधारण १२.४ न्यूटन-मीटर, म्हणजे १.२६ किलोग्रॅम-मीटर. साखळीत थोडा जातो, १.२ धरा. १४.७ भागिले १.२ म्हणजे १२ आणि वर थोडं.

तुम्हाला रेशो १२ हवा होता, आहे ६. सहाच्या रेशोवर एक्सलपाशी फक्त ३३ किलो ओढ मिळते. त्यातले २२ मातीच खाते. उरलेल्या अकरा किलोत पाच टक्क्यांपेक्षा जास्त चढ निघत नाही. आणि हे सगळं क्लच पूर्ण धरला आहे असं समजून.

मग ७२ चं स्प्रॉकेट? रेशो ७.२ होतो, ओढ ३९ किलो, आणि क्लच घट्ट बसायचा वेग ३० वरून २५ वर येतो. काम ६७ चं आहे. वर अर्धा इंच पिचच्या (शेजारच्या दोन दात्यांमधलं अंतर) ७२ दात्यांच्या स्प्रॉकेटचा व्यास २९ सेंटिमीटर होतो, ६० चा २४ होता. एक्सल जमिनीपासून २२ सेंटिमीटरवर, म्हणजे स्प्रॉकेटखाली सात सेंटिमीटर उरले. पहिला दगड लागला की दाते वाकणार आणि साखळी उतरणार. हा सल्ला देणारा डांबरी कार्टचा अनुभवी असावा.

एकाच साखळीत १२ चा रेशो बसतच नाही. १० ला १२० दाते लागतील आणि ते स्प्रॉकेट टायरपेक्षा मोठं होईल. म्हणून मधला शाफ्ट घालावा लागतो, त्याला आपल्याकडे जॅकशाफ्टच म्हणतात. क्लचपासून जॅकशाफ्टवर एक साखळी, तिथून एक्सलवर दुसरी. दोन टप्प्यांचे रेशो एकमेकांना गुणले जातात. क्लच ११ चा घेतला, जॅकशाफ्टवर ३३, म्हणजे ३. जॅकशाफ्टवरच दुसरं स्प्रॉकेट १२ चं आणि एक्सलवर ४८, म्हणजे ४. एकूण १२. एक्सलवर ४८ दाते आल्यामुळे व्यास १९-२० सेंटिमीटरवर येतो आणि खाली बारा सेंटिमीटर मोकळे मिळतात, आजच्यापेक्षाही जास्त. दोन्ही साखळ्या साध्या बसवल्या तर फिरण्याची दिशा बदलत नाही, म्हणून इंजिन उलटं करावं लागत नाही.

दुसऱ्या साखळीवर ताण पहिल्यापेक्षा बराच जास्त येतो. जॅकशाफ्टवर टॉर्क तिप्पट झालेला असतो, आणि १२ दात्यांच्या छोट्या स्प्रॉकेटवर साखळीला दीडशे किलोच्या आसपास ओढ बसते, झटक्यात त्याहून जास्त. तिथे नंबर ३५ ची बारीक साखळी लावू नका. चिखलात ती फार लवकर लांबते. मोटरसायकलची ४२८ लावा, कुठेही मिळते. इथे एक खाचखळगा आहे. ४२०, ४१, ४० आणि ४२८ या सगळ्यांची पिच अर्धा इंचच, म्हणून दुकानदार ‘चालतंय की’ म्हणून देतो. पण रोलर (दात्यांच्या मध्ये बसणारे साखळीतले गोल तुकडे) वेगवेगळ्या जाडीचे आहेत: ४० नंबरचा ७.९२ मिलिमीटर, ४२८ चा ८.५१. क्लचचे दाते ४० किंवा ४२० साठी कापलेले असतील तर ४२८ ची साखळी त्यांच्या तळाशी नीट बसत नाही, दात्यांवर चढून चालते आणि दोन्ही खराब करते. उलट औद्योगिक बाजारात मिळणारी ०८बी ची स्प्रॉकेटं ४२८ ला छान जमतात, कारण रोलर तोच आहे. म्हणजे पहिली साखळी क्लचच्या नंबरची, दुसरी ४२८, आणि या दुसरीची दोन्ही स्प्रॉकेटं, जॅकशाफ्टवरचं १२ चं व एक्सलवरचं ४८ चं, ०८बी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याला भोसरीत हवा तो बोअर (शाफ्टचं भोक) आणि की-वे (चावीची खाच) करून देणारे पुष्कळ आहेत.

१२ च्या रेशोवर गाडी चढेल. क्लच घट्ट बसायचा वेग ताशी १५ वर येईल. सुटताना आणि अगदी हळू चालताना थोडा घासेल, पण जळणार नाही. आणि वरचा वेग? ३६०० आरपीएमला २४-२५. तुमचे ५० गेले.

मग सगळेच सुचवतात तसं गव्हर्नर (इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारी यंत्रणा) काढून इंजिन ५००० ला फिरवायचं का? नाही. हे इंजिन ३६०० ला फिरायला बनवलेलं आहे. बिडाचं फ्लायव्हील आणि कनेक्टिंग रॉड दोन्ही तेवढ्याच भरवशाचे, आणि ते सगळं तुमच्या पाठीमागे हातभर अंतरावर फिरत असतं.

चढही हवा आणि वेगही हवा असेल तर साध्या क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर लावा. नाव मोठं असलं तरी तो दोन पुलींचा आणि पट्ट्याचा व्हेरिएटर आहे, गिअरलेस स्कूटरमध्ये असतो तशाच तत्त्वाचा. या इंजिनांसाठी ३० सिरीज म्हणून मिळतो. सुरुवातीला त्याचा रेशो २.७ च्या आसपास असतो, वेग वाढेल तसा ०.९ पर्यंत उतरतो. त्याच्या मागच्या पुलीच्या शाफ्टवर १० दाते आणि एक्सलवर तुमचंच ६० चं स्प्रॉकेट ठेवलं, तर खालचा एकूण रेशो १६.२ आणि वरचा ५.४. पट्ट्यात आणि साखळीत मिळून पाचवा हिस्सा जातो असं धरलं तरी ७४ किलो ओढ मिळते. तुम्हाला ६७ हवी होती. आणि पट्टा धरतो तो ताशी अकराच्या आसपास. कागदावर वरचा वेग ५५ दिसेल, तो विसरा. साडेपाच एचपीचं इंजिन भुसभुशीत मातीत ४० च्या पुढे ओढत नाही, मग रेशो काहीही असो. पक्क्या मुरमावर ५० च्या जवळ जाल.

तुमच्या वर्णनावरून मी हाच मार्ग सुचवेन. खर्च जॅकशाफ्टपेक्षा जास्त आहे, पण एक्सलवरचं काहीच बदलावं लागत नाही. फक्त त्याला बंद कव्हर करा. उघड्या पट्ट्यावर चिखलाचं पाणी उडालं की तो घसरतो, आणि पावसाळ्यात तुमची पुन्हा हीच तक्रार येईल. कव्हरला हवा जायला खालून जागा ठेवा, नाहीतर पट्टा उष्णतेने जाईल.

‘मग १६ का, २५ च करू की’ असंही वाटेल. तिथे टायर आडवा येतो. मागच्या चाकांवर वजनाचा साठ टक्के भाग धरला तर १३५ किलो. सैल मातीत टायरची पकड त्याच्या अर्ध्याच्या आसपास, म्हणजे पुन्हा ६७-६८ किलो. चढावर वजन मागे सरकतं, त्यामुळे थोडी जास्त मिळते. त्यापलीकडे कितीही टॉर्क दिलात तरी चाक जागेवर खड्डा खणेल. चढावर इंजिन दबत असेल तर रेशो वाढवा. चाक फिरतंय आणि गाडी जागेवर आहे असं असेल तर रेशोला हात लावू नका, टायरची हवा कमी करा, जास्त नक्षीचे टायर बघा, नाहीतर बॅटरी-टाकी मागे सरकवा. या दोन दुखण्यांवर एकच औषध देणारे मेकॅनिक भरपूर भेटतात.

मोटरसायकलच्या इंजिनाबद्दल. १०० ते १५० सीसीचं जुनं इंजिन चालू अवस्थेत मिळत असेल तर ते वाईट नाही. त्यात ओला क्लच आणि चार-पाच गिअर आयते येतात, पहिल्या गिअरला एकूण रेशो सहज ३० च्या वर असतो. त्याचा रेशो पुस्तकात शोधत बसू नका. स्पार्क प्लग काढा, पहिला गिअर टाका, मॅग्नेटो हाताने फिरवत पुढचं स्प्रॉकेट एक फेरा पूर्ण होईपर्यंत मोजा. तो आकडा गुणिले मागचे दाते भागिले पुढचे दाते. बाइकचं साठ सेंटिमीटरचं चाक जाऊन तुमचं पंचेचाळीसचं आलं, की त्याच स्प्रॉकेटवर गाडी आपोआप तीस टक्क्यांनी ‘खाली’ उतरते. म्हणून बाइकचंच मागचं स्प्रॉकेट बहुधा पुरतं, मोठं करू नका. अडचणी दोन. बाइकचं इंजिन वाऱ्यावर गार होतं आणि कार्टमध्ये ते सीटच्या मागे दडतं, त्यामुळे चढावर हळू चालताना तापतं. त्याला पंखा किंवा हवेचा मार्ग द्यावा लागतो. आणि रिव्हर्स नाही. शेतात बांधाला नाक लागलं की उतरून ढकलायचं. तो वैताग नको असेल तर रिक्षाचं इंजिन-गिअरबॉक्स बघा, त्यात रिव्हर्स आणि डिफरन्शियल दोन्ही येतं, पण वजन वाढतं आणि वरचा सगळा हिशेब नव्याने करावा लागतो.

कॉलेजची मुलं हाच प्रश्न बाहा स्पर्धेच्या, म्हणजे संघांनी स्वतः बनवलेल्या खडबडीत वाटेवरच्या गाड्यांच्या स्पर्धेच्या, गाडीसाठी विचारतात. तिथे वर्षानुवर्षं सगळ्या संघांना ३०५ सीसीचं १० एचपीचं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन इंजिन एकसारखं मिळत आलं, म्हणून खरी चुरस रेशो आणि वजन यांतच व्हायची. पद्धत हीच, फक्त तिथे चढाच्या शर्यतीत आणि प्रवेगाच्या शर्यतीत गुण वेगवेगळे असल्यामुळे तडजोड कुठे करायची हे संघाने ठरवायचं असतं.

इंजिनाबाबत एक गोष्ट लगेच तपासा. पॉवर वीडरवर (तण काढायच्या यंत्रावर) येणाऱ्या काही इंजिनांना आतच वेग उतरवणारं २ ला १ रिडक्शन असतं, काहींना ६ ला १. तसं इंजिन असेल तर बाहेरचा शाफ्ट ३६०० ऐवजी १८०० ला किंवा ६०० ला फिरतो, आणि त्यावर लावलेला सेंट्रिफ्युगल क्लच कधीच नीट धरत नाही. तुमची गाडी डांबरीवर पळते म्हणजे तुमचं इंजिन तसं नसावं. तरी प्लग काढून दोरीने सावकाश फिरवून बघा: दोरीकडची पुली एक फेरा फिरली की शाफ्टही एकच फिरला पाहिजे. गाडी पाचगणी-महाबळेश्वरकडे न्यायचा विचार असेल तर पातळ हवेमुळे इंजिनाची ताकद पंधरा टक्क्यांनी कमी धरा, आणि रेशो तेवढाच वाढवून काढा.

जॅकशाफ्टचाच मार्ग घेतलात तर शाफ्ट २० मिलिमीटरचा चालेल, यूसीपी २०४ ची दोन बेअरिंगं लावा आणि दोन्ही स्प्रॉकेटं बेअरिंगच्या जितकी जवळ बसतील तितकी बसवा. ब्रेक डिस्क जॅकशाफ्टवर लावायचा मोह टाळा, ती एक्सलवरच ठेवा. साखळी तुटली तरी ब्रेक लागला पाहिजे, आणि साखळी तुटायची ती उतारावरच तुटते. बेअरिंगच्या बोल्टची भोकं लांबट पाडा, म्हणजे जॅकशाफ्ट सरकवून दुसरी साखळी ताणता येईल. पहिली साखळी इंजिन सरकवून ताणायची, म्हणून इंजिनाच्या पट्टीलाही तशीच लांब भोकं लागतील. क्रम असा ठेवा: आधी दुसरी साखळी, मग पहिली. उलट केलंत तर जॅकशाफ्ट हलला की पहिलीचा ताण पुन्हा बिघडतो. दोन्ही साखळ्यांना मधोमध बोटाने दाबल्यावर दहा-बारा मिलिमीटरची ढिलाई असू द्या, आणि ती माणूस बसलेला असताना तपासा.